ड्रॉप सी, चार जणांचा बँड आणि तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट: हाय-गेन अ‍ॅम्प कोणता घ्यावा?

मुठाकाठी

रामराम मंडळी,

कॉलेजपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय, पण आजवर जॅमरूममध्ये जो अ‍ॅम्प असेल त्यावरच भागवत आलो. आता चार जणांचा बँड जमलाय. दोन गिटार, बास, ड्रम्स. गाणी आमची स्वतःची आणि मराठीत. बाज आजच्या मेटलचा: ड्रॉप सी ट्यूनिंग (तारा उतरवून सगळ्यात जाड तार सी ला), भरपूर पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून मारलेले घाव), मध्येच एकदम थांबून परत सुरू होणारे रिफ (पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे). गोजिरा या फ्रेंच मेटल बँडचा आवाज मला फार आवडतो, दिशा त्यावरून लक्षात यावी.

गिटारला दोन हंबकर पिकअप आहेत, स्केल (तारेची लांबी) साडेपंचवीस इंच, तारा १० ते ४६ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). राहतो पुण्यात कर्वेनगरला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सराव दर रविवारी भाड्याच्या जॅमरूममध्ये, बाकी दिवस घरी. बजेट ओढूनताणून सव्वा लाख.

यादी अशी झालीय: ईव्हीएच ५१५० आयकॉनिकचा ४० वॉटचा काँबो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), पीव्ही ६५०५ चं छोटं २० वॉटचं हेड (नुसता अ‍ॅम्प, स्पीकरचं कॅबिनेट वेगळं), बॉस कटाना, नाहीतर थेट एखादा मॉडेलर (अ‍ॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र). एका ओळखीच्यांकडे मेसा ड्युअल रेक्टिफायरही आहे, ते विकायचं म्हणतायत. गेन (सिग्नल वाढवून डिस्टॉर्शन आणायची ताकद) कशाला जास्त आहे, आणि आजचा जड आवाज कशातून निघेल? वापरलेल्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

पौडफाटा

तिसरा मजला, लिफ्ट नाही, घरी रोज सराव. मी असतो तर मॉडेलरच घेतला असता. लाइन ६ चा एचएक्स स्टॉम्प हा मॉडेलर २०१८ पासून बाजारात आहे, पाठीवरच्या पिशवीत मावतो, हेडफोन लावून रात्री बारालाही वाजवता येतो. जॅमरूममध्ये पीएला (गाण्याच्या माइकच्या साउंड सिस्टीमला) जोडायचा. चार-बाय-बाराचं (बारा इंची चार स्पीकरचं) कॅबिनेट चाळीस किलोच्या आसपास जातं, ते दर रविवारी जिन्यावरून उतरवणार का?

सोल्डरवाला

धागा चांगला काढलात. मी अ‍ॅम्प दुरुस्त करतो, त्यामुळे आतून काय चालतं ते सांगतो. जरा लांबेल.

'गेन कशाला जास्त' हा प्रश्न बाजूला ठेवा. तो केव्हाच सुटलाय. १९८१ च्या मार्शल जेसीएम ८०० ला पुढून पेडलचा धक्का द्यावा लागायचा. १९८७ च्या सोल्डानो एसएलओ-१०० मध्ये एकापाठोपाठ एक गेनच्या पायऱ्या अ‍ॅम्पच्या आतच आल्या. नव्वदीच्या सुरुवातीला मेसाचा रेक्टिफायर आणि १९९२ मध्ये पीव्हीचा ५१५० आला (तुमच्या यादीतले ईव्हीएच ५१५० आणि पीव्ही ६५०५ त्याच घराण्यातले), आणि दोघांच्या प्रीअ‍ॅम्पचं (जिथे गेन तयार होतो तो पुढचा भाग) सोल्डानोशी बरंच साम्य आहे. तुमच्या यादीतल्या प्रत्येक पर्यायात तुम्हाला लागेल त्यापेक्षा जास्त गेन आहे. जॅमरूममध्ये येणारी बहुतेक मुलं गेन आठ-नऊवर ठेवतात आणि मग 'आवाज पातळ का येतो' म्हणून विचारतात. तो पाच-सहावर आणला की पिकचा घाव परत ऐकू यायला लागतो.

खरा फरक आहे तो ढिल्या आणि घट्ट आवाजात. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला असते, ड्रॉप सीमध्ये ती ६५ वर येते. पाम म्यूट मारला की या खालच्या पट्टीचा मोठा धक्का गेनच्या पायऱ्यांमध्ये शिरतो. तिथे जागा मर्यादित, ती सगळी बासच अडवतो, आणि त्याच्यावर बसलेली वरची पट्टी छाटली जाते. शिवाय दोन पायऱ्यांमधले कपॅसिटर त्या धक्क्याने चार्ज होतात आणि रिकामे व्हायला वेळ घेतात. तोवर पुढचा घाव येऊन पडलेला असतो. तुम्ही म्हणताय तसे थांबून-सुरू होणारे रिफ इथेच चिखल होतात. ढोलाचं पान ढिलं असलं की टिपरू कितीही जोरात हाणा, ठोका सुटा येत नाही. दोरी खेचली की तोच हात वाजायला लागतो. इथेही तसंच, हात बदलायचा नाही, दोरी खेचायची.

दोरी खेचायची म्हणजे डिस्टॉर्शनच्या *आधी* बास कापायचा आणि *नंतर* हवा तेवढा परत घालायचा. अ‍ॅम्पवरचा बासचा नॉब इथे कामाला येत नाही, कारण ५१५० आणि रेक्टिफायर या दोन्हींत टोनची नियंत्रणं गेनच्या पायऱ्यांनंतर येतात. बास शून्यावर नेला तरी चिखल आधीच होऊन गेलेला असतो, फक्त पातळ चिखल ऐकू येतो. मेसाच्या मार्क मालिकेत नेमकं उलट आहे. तिथे टोनस्टॅक (टोनच्या नियंत्रणांचं सर्किट) गेनच्या आधी बसतो, म्हणून मार्क वाजवणारे बासचा नॉब एक-दोनवर ठेवतात आणि खालची पट्टी शेवटच्या ग्राफिक ईक्यूवर वाढवतात.

बाकी सगळ्यांसाठी उपाय म्हणजे ट्यूब स्क्रीमर, किंवा त्याच सर्किटचं कुठलंही हिरवं पेडल. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. ड्राइव्ह शून्यावर ठेवून पेडल कशाला, असं नवीन माणसाला वाटतं. त्याच्या आतली गाळणी साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या पट्टीला गेन देत नाही, मधली पट्टी पुढे ढकलते. आपल्याला पेडलचं डिस्टॉर्शन नकोच असतं, ही गाळणी हवी असते. ५१५० च्या पुढे हे पेडल ही जोडी नव्वदीपासून मेटलच्या असंख्य रेकॉर्डवर आहे.

दुसरं: १० ते ४६ च्या तारा ड्रॉप सीला फार सैल पडतात. किमान ११ ते ५४, जमलं तर १२ ते ५६ चढवा. ब्रिज आणि इंटोनेशन (वरच्या घरांतही सूर बरोबर लागणं) परत लावून घ्या, नटच्या खाचा थोड्या रुंद कराव्या लागतील. अ‍ॅम्पवर लाख घालण्याआधी हे करा.

चारतारा

मी बास वाजवतो, आणि गिटारवाल्यांनी हा धागा नीट वाचावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

घरी एकट्याने वाजवताना मधली पट्टी कापून बास आणि ट्रेबल वाढवलं की आवाज भव्य वाटतो. त्याला कारण आहे. कमी आवाजात माणसाच्या कानाला खालची आणि वरची टोकं कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं. तीच सेटिंग घेऊन जॅमरूममध्ये आलात की खालून माझा बास आणि किक ड्रम तुम्हाला खातात, वरून झांजा खातात. उरते ती मधली पट्टी, आणि ती तुम्ही घरीच कापून आलेले असता. मग गिटार ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढतो, माझाही वाढतो, आणि गाणाऱ्याच्या घशाची वाट लागते.

मिड पाच-सहाच्या खाली आणू नका. खालचे ६०-७० हर्ट्झ माझ्यावर सोडा. रेकॉर्डवर जी अवाढव्य गिटार ऐकू येते ना, तिच्या खाली बहुतेक वेळा थोडा डिस्टॉर्ट केलेला बास त्याच रिफवर चालत असतो. तो काढून नुसती गिटार ऐकलीत तर ती किती सडसडीत आहे ते कळेल.

मुठाकाठी

सोल्डरवाला, चारतारा, दोघांचे आभार. आमच्या बासवाल्याला धागा पाठवला, त्याने तुमचा प्रतिसाद बँडच्या ग्रुपवर चिकटवलाय.

तारा बदलतो. आता त्या ड्युअल रेक्टिफायरबद्दल. मालक अमेरिकेतून परतलेत, हेड तिकडेच घेतलेलं, मागे १२० व्होल्ट लिहिलंय. ते म्हणतात, तपकीर गल्लीतून स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) आणला की झालं. कॅबिनेट मात्र त्यांच्याकडे नाही. हेड नुसतं चालू करून, स्पीकर न जोडता, सगळे दिवे लागतायत का ते दाखवतो म्हणाले.

सोल्डरवाला

थांबवा त्यांना. ट्यूब अ‍ॅम्पला स्पीकर किंवा लोड न जोडता वाजवायचं नाही. सॉलिड-स्टेटला (ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या अ‍ॅम्पला) ते चालतं, ट्यूबला नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला पुढे भार मिळाला नाही तर आत व्होल्टेज उसळतं, ट्रान्सफॉर्मर नाहीतर ट्यूबचं सॉकेट जळतं. स्टँडबायवर ठेवून दिवा पाहणं वेगळं, पण गिटार जोडून 'बघू जरा' अजिबात नको. ओहमही जुळवा: ८ ओहमचं कॅबिनेट ८ च्या जॅकमध्ये, १६ चं १६ च्या.

स्टेप-डाउन मिळेल, पण त्यावर लिहिलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. १०० वॉटचं ट्यूब हेड भिंतीतून त्याच्या कितीतरी पट ओढतं. अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेला वापर बघा आणि त्याच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्या. अर्थिंग आरपार आलेलं हवं. जुन्या इमारतीत अर्थिंगचा पत्ता नसतो, गुणगुण यायला लागते आणि कोणीतरी शहाणा प्लगची तिसरी पिन काढायचा सल्ला देतो. ती पिन तुमचा जीव वाचवते. गुणगुण आली तर वायरमन बोलवा.

अ‍ॅम्प म्हणून रेक्टिफायर देखणा आहे. डायोडवर चालवायचा की रेक्टिफायर ट्यूबवर, हे त्यात निवडता येतं, नावही त्यावरूनच आलं. ट्यूबवर तो थोडा दबतो, श्वास घेतो. संथ, रुंद कॉर्डना सुरेख. तुमच्या तुटक रिफना डायोडवर ठेवावा लागेल आणि पुढे पेडल हवंच, कारण मुळात त्याचा खालचा भाग सैल आहे. नव्या ट्यूब, स्टेप-डाउन, कॅबिनेट हे सगळं धरलं तर सव्वा लाखात बसणं अवघड आहे.

तळजाई

वॉटबद्दल एक गैरसमज दिसतोय म्हणून लिहिते. १०० वरून ५० वॉटवर आलं की आवाज निम्मा होत नाही, फक्त ३ डेसिबल उतरतो. कानाला निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे वॉट एक दशांशावर आणावे लागतात. त्यामुळे २० वॉटचं हेड 'फ्लॅटसाठी' म्हणून घेतलं तरी १०० वॉटच्या तुलनेत ते ७ डेसिबलनेच कमी आहे, आणि पूर्ण उघडलं तर सोसायटीची मीटिंग नक्की. रहिवासी भागासाठी नियमातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते ६. चांगला गिटार स्पीकर एका वॉटवर एका मीटरवरून ९७ ते १०० डेसिबल देतो. एका वॉटवर!

म्हणून घरचा अ‍ॅम्प निवडताना वॉट बघू नका, कमी आवाजात तो कसा वागतो ते बघा. हाय-गेन अ‍ॅम्पचं सुख असं की त्यांचं डिस्टॉर्शन बहुतांशी प्रीअ‍ॅम्पमध्ये तयार होतं, पॉवर ट्यूब तापवाव्या लागत नाहीत. मास्टर एकवर ठेवूनही बाज ओळखू येतो. आयकॉनिक काँबोला पाव पॉवरचा स्विच आहे, आतच नॉइज गेटही (हात थांबला की गुणगुण बंद करणारं) आहे, तुटक रिफसाठी ते सोयीचं. पीव्हीचं छोटं हेड २०, ५ आणि १ वॉटवर फिरवता येतं, पण त्यात ईएल८४ ट्यूब आहेत. त्या लवकर दबतात, मोठ्या ६५०५ च्या ६एल६ ट्यूबसारखा खालचा ठोसा त्यांच्यातून येत नाही. ड्रमरसमोर हा फरक जाणवतो.

पौडफाटा

विकत घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. लोकांनी खऱ्या अ‍ॅम्पचे कॅप्चर (आवाजाचे डिजिटल ठसे) करून नेटवर टाकलेत: ५१५०, रेक्टिफायर, मार्क, एंगल, डीझेल, सगळं. साधा ऑडिओ इंटरफेस पुरतो, फक्त गिटार इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्येच लावा, माइकच्या किंवा लाइनच्या नको. बफर (एका वेळी प्रक्रिया होणारे नमुने) १२८ वर ठेवलात की उशीर बोटांना खुपत नाही.

तुमच्याच एका रिफचा कोरडा, प्रक्रिया न केलेला ट्रॅक रेकॉर्ड करा. तो एकेका अ‍ॅम्पमधून काढा, सगळ्यांचा आवाज समान पातळीवर आणा, मग नावं न बघता ऐका. पातळी समान करणं विसरू नका, जो थोडा मोठा तो नेहमीच 'चांगला' वाटतो. दुसऱ्या फेरीत अ‍ॅम्प एकच ठेवा आणि कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (कॅबिनेटच्या आवाजाचा डिजिटल ठसा) बदला. इथे डोळे उघडतील.

सोल्डरवाला

पौडफाटांच्या दुसऱ्या फेरीला पूर्ण अनुमोदन. लोक अ‍ॅम्पच्या नावावर भांडतात आणि स्पीकरकडे कुणी बघत नाही. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा १९८६ चा स्पीकर आजही मेटलचा मुख्य आवाज आहे, कारण त्याच्या वरच्या मिडला एक उंचवटा आहे आणि त्यामुळे गिटार झांजांच्या गर्दीतून पुढे येते. एकच हेड दोन वेगळ्या कॅबिनेटवर लावून बघा, दोन वेगळे अ‍ॅम्प वाटतील. रेकॉर्डिंगला माइक शंकूच्या मध्यावरून दोन बोटं बाजूला सरकवला की जेवढा फरक पडतो, तेवढा ट्रेबलच्या नॉबने पडत नाही.

पण मॉडेलर पीएला जोडून वाजवताना एक उणीव मला कायम जाणवते. मागे कॅबिनेट ढकलतंय, हवा पोटरीला लागतेय, त्याच हवेने तार परत थरथरून फीडबॅक पकडतेय, हे मॉनिटरमधून मिळत नाही.

पौडफाटा

ते वाजवणाऱ्याला मिळत नाही, ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? मेशुगासारखा बँड कित्येक वर्षं डिजिटल मॉडेलिंगवर वाजवतोय, त्यांच्या जडपणाबद्दल कोणी तक्रार केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आणि पुण्यातल्या छोट्या जागांवर साउंडवाल्याला स्टेजवरचा कॅबिनेटचा आवाज आवरेना म्हणून गाणाऱ्याचा माइक कुर्बान होतो. स्टेज शांत असेल तर मराठी शब्द ऐकू येतील. मुठाकाठी स्वतःच्या भाषेत गाणी करतायत, ते शब्द पोचणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

सोल्डरवाला

शब्दांचं पटलं. मधला मार्ग आहे: मॉडेलरच्या मागे छोटा पॉवर अ‍ॅम्प आणि एक-बाय-बाराचं कॅबिनेट फक्त स्वतःसाठी, प्रेक्षकांना थेट सिग्नल. त्यावेळी कॅबिनेटकडे जाणाऱ्या वाटेवर इम्पल्स रिस्पॉन्स बंद करायचा, नाहीतर स्पीकरवर स्पीकर चढतो आणि आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा येतो.

मुठाकाठी

सगळ्यांचे आभार, बरंच काम झालं.

तारा १२ ते ५६ केल्या. जॅमरूममध्ये एका मित्राचं जुनं हिरवं पेडल सांगितलेल्या सेटिंगवर लावलं, गेन सहावर आणला, मिड सहा. ड्रमरने पहिल्या रिफनंतर थांबून विचारलं की अ‍ॅम्प बदलला का. खोलीतला अ‍ॅम्प तोच होता, साधा सॉलिड-स्टेट.

न्यूरलवाला प्रयोगही केला. नावं झाकून ऐकल्यावर आम्ही चौघांनी वेगवेगळ्या वेळी ५१५० च्या घराण्यातलेच दोन कॅप्चर निवडले. दुसऱ्या गिटारवाल्याला रेक्टिफायरही आवडला, मला त्यात माझे तुटक रिफ पुसट वाटले. त्यामुळे ते हेड घेत नाही, मालकांना तसं कळवलं, आणि स्पीकरशिवाय चालू करू नका हेही सांगितलं.

आता आयकॉनिक काँबोकडे कल आहे. ४० वॉट, ६एल६, एकट्याने जिना उतरवता येईल असं वाटतंय. उरलेल्या पैशांत पेडल आणि बरा इंटरफेस. घरी रात्री न्यूरल आणि हेडफोन. एकच शंका: दुसरा गिटारवालाही म्हणतोय की मग मीही तोच काँबो घेतो, म्हणजे आवाज एकसारखा आणि दुप्पट जड. घ्यावा का त्याने?

चारतारा

नको. दोन गिटार, तोच अ‍ॅम्प, तीच सेटिंग, तोच रिफ, म्हणजे दोघंही एकाच पट्टीत बसतात आणि मिळून एकच जाड गिटार ऐकू येते, तीही जरा धूसर. त्याला रेक्टिफायर आवडलाय ना? त्याला त्या बाजूचं काहीतरी घेऊ द्या. रुंद, थोडं सैल, गेन तुमच्यापेक्षा कमी. तुम्ही मिड थोडा वर उचला, त्याने थोडा खाली. रेकॉर्डिंगला एक डाव्या कानात, एक उजव्या कानात. दोघांनी पिक मात्र एकाच दिशेने मारायला शिका, खाली म्हणजे दोघांचाही खाली. घट्टपणाचा मोठा भाग तिथेच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

तळजाई

आणि काँबो घ्यायला जाताना स्वतःची गिटार, त्याच तारा आणि ते पेडल घेऊन जा. दुकानातली गिटार नेहमीच्या ट्यूनिंगला असते, तिच्यावर सगळेच अ‍ॅम्प घट्ट वाजतात. मागून पॉवर ट्यूब नीट बसल्यात का बघा, मास्टर हळू फिरवून खरखर येते का ऐका, आणि दुकानदाराला विनंती करून एकदा तरी तो ड्रमच्या पातळीला उघडून बघा. बिलावर २३० व्होल्टचं मॉडेल लिहून घ्या.